कळा येतात आणि थांबतात : गर्भारपणाच्या अखेरच्या टप्प्याचा प्रश्न

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले, तेव्हा तेथील बहुसंख्य बाळे घरीच जन्माला येत होती. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या वेळी या राज्यात साधारणतः सात प्रसूतींपैकी एकच रुग्णालयात होत असे. दहा वर्षांनंतरच्या चौथ्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर गेले आणि २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ते ८६ टक्क्यांच्या जवळ पोहोचले. याच काळात संपूर्ण देशाचे प्रमाण ३८.७ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर आले. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात इतक्या अल्पावधीत एवढा मोठा बदल क्वचितच घडतो. तरीही २०१८-२० या कालखंडात छत्तीसगडमधील मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३७ होते, तर देशाचे ९७. प्रसूतीचे ठिकाण बदलले म्हणून धोका आपोआप संपला नाही.

प्रसूती घराबाहेर गेल्यामुळे एक नवा प्रश्न मात्र निर्माण झाला. घरातून नेमके केव्हा निघायचे? पूर्वी कळा सुरू होत, थांबत, पुन्हा सुरू होत; बाई आपल्याच अंगणात वावरत असे, सुईण बोलावली तर येऊन बसे आणि वेळ आली नसेल तर परत जात असे. (मराठीतील ‘सुईण’ आणि छत्तीसगढीतील ‘सुईन’ हे शब्द एकच आहेत.) आता हाच टप्पा वाहनात, रस्त्यावर आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात पार पडू लागला आहे. त्यामुळे थांबून थांबून येणाऱ्या कळा हा केवळ वैद्यकशास्त्राचा विषय न राहता वाहतुकीचा, रुग्णालयांतील खाटांचा आणि कुटुंबाच्या निर्णयक्षमतेचाही विषय झाला आहे.

गर्भाशयाची तयारी

गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे. संपूर्ण गर्भारपणात तो अधूनमधून आकुंचन पावतच असतो. इंग्लंडमधील वैद्य जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये या आकुंचनांचे वर्णन केले. म्हणून वैद्यकीय ग्रंथांत त्यांना त्यांच्या नावाने ओळखले जाते. पोट काही सेकंद दगडासारखे कडक होते आणि पुन्हा मऊ पडते. यात ठराविक अंतर नसते आणि बहुधा वेदनाही नसते. पहिलटकरणीला त्याची जाणीव उशिरा होते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या मातेला लवकर होते.

दिवस भरत आले की या आकुंचनांचे स्वरूप बदलू लागते. गर्भाशयाच्या स्नायुपेशींमध्ये परस्परांना जोडणारे सूक्ष्म मार्ग वाढतात, त्यामुळे एका पेशीतील संदेश शेजारच्या पेशींपर्यंत झपाट्याने पोहोचतो आणि संपूर्ण स्नायू एका लयीत आकुंचन पावू शकतो. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी ग्राहीस्थानेही वाढतात. दुसरीकडे, आजवर घट्ट मिटलेले गर्भाशयमुख प्रोस्टाग्लँडिनसारख्या द्रव्यांच्या प्रभावाने मऊ होऊ लागते, आखडते आणि पातळ होते. ही सर्व तयारी एकाच दिवशी, एकाच वेळी पूर्ण होत नाही. स्नायू तयार असतो पण मुख तयार नसते. किंवा मुख मऊ झालेले असते पण लय बसलेली नसते. अशा स्थितीत दोन-चार तास व्यवस्थित कळा येतात आणि नंतर ओसरतात. रात्री येतात, सकाळी थांबतात. काही स्त्रियांच्या बाबतीत हे दोन-तीन दिवस, क्वचित आठवडाभरही चालते.

बाळाचे डोके व्यवस्थित खाली बसलेले नसेल, त्याची पाठ आईच्या पाठीकडे असेल, मूत्राशय भरलेले असेल, शरीरात पाणी कमी झाले असेल किंवा दिवसभराचे श्रम झाले असतील, तर अशा अनियमित कळा अधिक त्रास देतात. रायपूरमध्ये मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. धानाच्या शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्या आठव्या-नवव्या महिन्यातील स्त्रीला पुरेसे पाणी मिळाले नाही, तर गर्भाशय वारंवार कडक होते. भीतीचाही परिणाम होतो. अनोळखी जागा, ओरडणारे कर्मचारी, उघड्यावर तपासणी यांमुळे शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि चांगल्या लयीत असलेल्या कळा मंदावू शकतात. घरी जोरात येणाऱ्या कळा रुग्णालयाच्या दारात थांबल्या असे अनेक बायका सांगतात, त्यामागे हे कारण असू शकते. ते नाटक नसते.

‘खोट्या’ या शब्दाविषयी

आपल्याकडे या कळांना ‘खोट्या कळा’ म्हणण्याची पद्धत आहे आणि पाठ्यपुस्तकांतही हाच शब्द रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखकाला तो अन्यायकारक वाटतो. वेदना खरी असते, झोपमोड खरी असते, थकवाही खरा असतो. फक्त त्या कळांमुळे गर्भाशयमुख उघडण्याचे काम पुढे सरकत नाही, किंवा अतिशय संथपणे सरकते. शिवाय ‘खोट्या’ आणि ‘खऱ्या’ यांच्यामध्ये एक मोठा प्रदेश आहे. प्रसूतिशास्त्र त्याला सुप्तावस्था म्हणते. या अवस्थेत मुख थोडे उघडते, थांबते, पुन्हा थोडे उघडते. अमेरिकेतील इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५० च्या दशकात प्रसूतीच्या वेगाचे आलेख तयार केले. त्यांच्या मते पहिलटकरणीत २० तासांपेक्षा आणि पुढच्या खेपांत १४ तासांपेक्षा अधिक चाललेली सुप्तावस्था लांबलेली समजावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये यावर अधिक सावध भूमिका घेतली. सुप्तावस्थेचा सर्वमान्य कालावधी निश्चित झालेला नाही, तो स्त्रीगणिक पुष्कळ बदलतो, असे संघटनेने नमूद केले. सक्रिय अवस्था मुख ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरावी असेही सांगितले. त्यापूर्वी ही मर्यादा बहुतेक ठिकाणी ४ सेंटिमीटर मानली जात होती.

एका सेंटिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु त्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सुप्तावस्थेतील स्त्रीला सक्रिय अवस्थेत समजून दाखल केले, तर काही तासांत ‘प्रगती नाही’ असा शेरा पडतो, कळा वाढवणारे औषध लावले जाते आणि प्रसंगी शस्त्रक्रिया होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्या. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी संस्थांत ४७.४ टक्के होते. या तफावतीला अनेक कारणे आहेत. घाईने केलेले दाखलीकरण हे त्यांपैकी एक असू शकते.

कळा ओळखायच्या कशा?

एका कळेच्या आरंभापासून दुसऱ्या कळेच्या आरंभापर्यंतचे अंतर मोजावे आणि प्रत्येक कळ किती वेळ टिकते तेही पाहावे. तास-दोन तास अशी नोंद ठेवली की चित्र पुष्कळसे स्पष्ट होते. अंतर कमी होत जाते, कळ लांबत जाते, तीव्रता वाढते आणि चालल्याने किंवा कूस बदलल्याने ती थांबत नाही, अशी लक्षणे असतील तर प्रसूती सुरू झाली असे समजावे. अशी कळ बहुधा कंबरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटाकडे येते. याउलट कधी सात मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी येणारी, पाणी पिऊन पडून राहिल्यावर ओसरणारी कळ ही बहुधा तयारीची असते. रक्तमिश्रित चिकट स्राव दिसला तर मुखात बदल होत आहे एवढेच कळते. त्यानंतर प्रसूतीला काही तासही लागतात आणि काही दिवसही.

शहरी पुस्तकांत एक नियम आढळतो : दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी एक मिनिट टिकणाऱ्या कळा एक तासभर आल्या की निघावे. रायपूर शहरातील एखाद्या वसाहतीत राहणाऱ्या पहिलटकरणीला तो लागू पडेल, डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय तेथून रिक्षाच्या अंतरावर असते. परंतु हा नियम जसाच्या तसा खेड्यात नेणे धोक्याचे आहे. ज्या पाड्यापर्यंत पावसाळ्यात वाहन पोहोचत नाही, तेथील तिसऱ्या खेपेच्या बाईने तासभर वाट पाहिली तर बाळ वाटेतच जन्माला येईल. अंतर, रस्ता, ऋतू आणि ही कितवी खेप आहे, या चार गोष्टी धरून प्रत्येक घराने आपला नियम आधीच ठरवावा लागतो.

तिल्दा किंवा आरंग विकासखंडातील एखाद्या गावाची कल्पना करावी. मध्यरात्री कळा सुरू होतात. १०२ क्रमांकावर दूरध्वनी करून महतारी एक्स्प्रेस बोलावली जाते. (छत्तीसगढीत ‘महतारी’ म्हणजे आई.) आरोग्य केंद्रात तपासणी होते, मुख जेमतेम २ सेंटिमीटर उघडलेले असते आणि पहाटेपर्यंत कळा थांबतात. घरी जा, असे सांगितले जाते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा परतताना भाड्याच्या वाहनाचे पैसे घरच्यांना द्यावे लागतात, सासरच्या माणसांची मजुरी बुडते, शेजारीपाजारी बोलतात. तिसऱ्या वेळी खऱ्या कळा सुरू होतात तेव्हा ती स्त्रीच गप्प राहते. उगाच पुन्हा त्रास नको म्हणून.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना ‘तीन विलंब’ ही संकल्पना परिचित असेल. थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागील तीन विलंब मांडले : उपचार घेण्याचा निर्णय करण्यातील, संस्थेपर्यंत पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर योग्य सेवा मिळण्यातील. वरील उदाहरणात पहिला विलंब अज्ञानातून आलेला नाही. तो आधीच्या दोन फेऱ्यांच्या अनुभवातून निर्माण झाला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मितानिनची भूमिका

या प्रश्नावर छत्तीसगडकडे एक साधन आहे आणि ते देशातील इतर अनेक राज्यांच्या आधीपासून आहे. छत्तीसगढी समाजात दोन व्यक्ती विधिपूर्वक मैत्रीचे नाते जोडतात. पुरुषांत त्याला ‘मितान’, स्त्रियांत ‘मितानिन’ म्हणतात आणि ते नाते रक्ताच्या नात्याइतके पाळले जाते. २००२ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता कार्यक्रमाने हेच नाव घेतले. गावाऐवजी पारा किंवा टोला हे एकक धरून, वस्तीने निवडलेली एक स्त्री असे त्याचे स्वरूप ठेवले गेले. शिक्षणाची अट आरंभी घातली गेली नाही. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा ‘आशा’ योजनेच्या आखणीत मितानिन कार्यक्रमाच्या अनुभवाचा उपयोग झाला.

त्याच वर्षी सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत छत्तीसगडचा समावेश कमी संस्थात्मक प्रसूती असलेल्या राज्यांत झाला. त्यानुसार ग्रामीण मातेस १,४०० रुपये व शहरी मातेस १,००० रुपये मिळतात. १ जून २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी संस्थेतील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि वाहतूक निःशुल्क केली. रुग्णालयापर्यंत नेणे आणि प्रसूतीनंतर घरी सोडणे, या दोन्हींची तरतूद त्यात आहे. मात्र प्रसूती न होताच तपासून परत पाठवलेल्या स्त्रीच्या परतीचा प्रवास या चौकटीत नीट बसत नाही. शासकीय तरतुदीत प्रसूतीची घटना मोजली जाते. तिच्या आधीची अनिश्चितता मोजली जात नाही.

मितानिन नेमकी येथे उपयोगी पडते. ती शेजारच्या घरातून येऊन तासभर बसू शकते, पोटावर हात ठेवून कळांचे अंतर पाहू शकते, धोक्याची लक्षणे नाहीत ना हे विचारू शकते आणि आवश्यक तेव्हा वाहन बोलावून सोबत जाऊ शकते. परंतु तिला मिळणारे प्रोत्साहनपर मानधन प्रामुख्याने पूर्ण झालेल्या कामाशी जोडलेले असते. रात्री तीन तास सोबत बसून बाईला घरीच धीर देणे ही सेवा कोणत्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न उरतोच.

घरी काय करावे

कळा अनियमित आहेत, ३७ आठवडे पूर्ण झाले आहेत आणि धोक्याचे कोणतेही लक्षण नाही, अशी खात्री असेल तर पहिले औषध विश्रांती हेच होय. घराघरांत याच्या नेमके उलट घडते. बाईला सतत चालायला लावले जाते, जिने चढायला लावले जाते, ‘कळा वाढव’ म्हणून सर्वजण मागे लागतात. रात्रभर चालून दमलेली स्त्री खऱ्या प्रसूतीच्या वेळी शक्ती गमावून बसते. थोडे चालावे, थोडे पडावे, शक्यतो डाव्या कुशीवर. झोप येत असेल तर झोपावे. प्रसूती सुरू झाली असेल तर ती झोपेतून उठवीलच.

पाणी थोडे थोडे वारंवार प्यावे. पेज, वरणाचे पाणी, ताक, मऊ भात असे हलके अन्न घ्यावे. उपाशी ठेवण्याची रीत सोडून द्यावी. दर दोन तासांनी लघवीस जावे. कोमट पाण्याने स्नान केल्यास किंवा कंबरेवर कोमट पाण्याची पिशवी ठेवल्यास पुष्कळ स्त्रियांना आराम पडतो. कळ येत असताना श्वास रोखून धरू नये. नाकाने सावकाश आत घ्यावा आणि तोंडाने त्याहून सावकाश सोडावा. पाठीमागून बाळाचा दाब येत असेल तर सोबतच्या बाईने तळहाताने माकडहाडाच्या वर घट्ट दाबून धरावे, किंवा गरोदर बाईने हात-गुडघ्यांवर ओणवे व्हावे. यांपैकी कोणत्याही उपायाने प्रसूती लवकर होत नाही, पण वेळ सुसह्य होते.

करू नये अशा गोष्टींत एक सर्वांत गंभीर आहे. घरी किंवा अप्रशिक्षित व्यावसायिकाकडून कळा वाढवण्याचे इंजेक्शन कधीही घेऊ नये. ऑक्सिटोसिन हे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे जीवरक्षक औषध आहे. परंतु प्रसूतीपूर्वी देखरेखीविना दिल्यास त्याने गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते. पोट दाबणे, चोळून बाळ खाली ढकलणे, एरंडेल पाजणे हेही टाळावे.

सोबत कोण आहे यालाही महत्त्व आहे. प्रसूतिकक्षात विश्वासाची एक स्त्री जवळ असावी, यास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी संस्थांसाठी मान्यता दिली. घरातील सुप्तावस्थेलाही हेच लागू आहे. रायपूरमध्ये भोसल्यांच्या काळापासून आलेली मराठी कुटुंबे तात्यापारा, बूढापारा या जुन्या भागांत स्थिरावली. पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी येण्याची रीत त्यांनी टिकवली आहे. नागपूर वा पुण्याहून सातव्या-आठव्या महिन्यात आलेल्या लेकीजवळ आई असते, ही या रीतीची भक्कम बाजू. कमकुवत बाजू अशी, की तिच्या तपासण्या दुसऱ्याच शहरात झालेल्या असतात. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, सोनोग्राफीचे अहवाल आणि आधीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे तिच्यासोबत आली पाहिजेत. आणि आल्या आल्या, कळा सुरू होण्याची वाट न पाहता, स्थानिक रुग्णालयात नाव नोंदवले पाहिजे.

वाट पाहू नये असे प्रसंग

काही स्थितींत कळांचे अंतर मोजत बसण्यात अर्थ नाही. ३७ आठवड्यांपूर्वी नियमित कळा आल्या तर ती अकाली प्रसूती असू शकते. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान अशी शक्यता दिसल्यास बाळाच्या फुप्फुसांच्या वाढीसाठी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१४ मध्ये काढल्या. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा प्रशिक्षित परिचारिकेनेही द्यावी, असे त्यांत आहे. म्हणजे लवकर पोहोचणे हाच उपचाराचा अर्धा भाग होय.

अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे आणि विशेषतः ते हिरवट असणे, बाळाची हालचाल कमी होणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, मध्ये सैल न पडणारी सलग वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच क्षणी निघावे. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीने अनियमित कळांतही शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे. जुन्या व्रणावर ताण येण्याचा धोका असतो.

छत्तीसगडच्या संदर्भात आणखी एक गट विसरता येणार नाही. या राज्यातील अनेक समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सिकलसेलग्रस्त गर्भवतीच्या शरीरातील पाणी कमी झाले, झोप मोडली, थकवा वाढला तर आजाराचा तीव्र झटका येऊ शकतो. म्हणून तिच्या बाबतीत दोन दिवस चाललेल्या अनियमित कळा घरी काढणे योग्य नाही. तीव्र रक्तक्षयाबाबतही हेच म्हणता येईल. देशातील १५ ते ४९ वयोगटातील गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त असल्याचे पाचव्या पाहणीत दिसून आले आहे.

मधली जागा

घर खूप दूर आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आलेली नाही, अशा स्त्रीसाठी या दोहोंमधील जागा हवी. १९७२ मध्ये आफ्रिकेतील ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल यांनी प्रसूती-आलेखावर ‘सावधगिरीची रेषा’ आखली ती याच अडचणीतून. दूरच्या केंद्रांतील सुईणींना, बाईला मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठवायचे, हे वेळेत कळावे असा तिचा हेतू होता. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीसह महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत ‘माहेरघर’ योजना राबवली गेली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातच एक खोली, जेथे प्रसूतीच्या आधी काही दिवस गर्भवती आपल्या नातलगासह येऊन राहू शकते. ओडिशात ‘मा गृह’ या नावाने अशीच व्यवस्था आहे. अशा ठिकाणी कळा आल्या आणि थांबल्या तरी कोणाला लाजायचे कारण उरत नाही, आणि परिचारिका दोन पावलांवर असते. अर्थात घरची गुरे, लहान मुले आणि धानकापणी सोडून आठ दिवस बाहेर राहणे किती जणींना शक्य आहे, यावर अशा खोल्या भरतात की रिकाम्या राहतात हे ठरते.

खर्च जवळजवळ नसलेली एक सुधारणा मात्र कोणत्याही केंद्रात उद्यापासून होऊ शकते. परत पाठवल्या जाणाऱ्या स्त्रीच्या कार्डावर तपासणीची वेळ, मुख किती उघडले आहे, बाळाच्या हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि ‘पुन्हा केव्हा यावे’ हे पाच तपशील लिहून द्यावेत, आणि तिच्या मितानिनला दूरध्वनी करून तेच सांगावे. मध्यरात्री दुसऱ्यांदा येणाऱ्या त्या स्त्रीला मग पहिल्यापासून सर्व सांगावे लागत नाही, आणि तपासणाऱ्या परिचारिकेला कालच्या २ सेंटिमीटरचे आज ४ झाले आहेत की नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळते.